सत्कारात बसवलेला पियानो

स्वप्नालीनं वडिलांकडे मागितलं होतं ते एवढंच, की एका संध्याकाळी घरातल्या तिघांनी बैठकीच्या खोलीत बसावं आणि ती जे वाजवेल ते शेवटपर्यंत ऐकावं. तिघं म्हणजे आई, अप्पा आणि भाऊ भाग्येश. माणसं तीन, खुर्च्या तीन, नंतर चहा. यात बिघडण्यासारखं काही आहे असं शहाण्या माणसाला वाटणार नाही. पण मागणी ज्यांच्याकडे केली ते हिंमतराव पाटील पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत राहतात, आणि त्यांची सगळी नोकरी केनयार्डात माइकवर गेली, हे ध्यानात घेतलं म्हणजे पुढचं सगळं ओघानं आलंच.

उसाच्या गाड्या रांगेत उभ्या राहतात ते केनयार्ड. कुठली गाडी आधी काट्यावर घ्यायची, कुठल्या ट्रॅक्टरवाल्यानं रांग मोडली आणि त्याला काय काय बोलायचं, हे हिंमतराव माइकवरून ठरवत. एक गाडी मध्येच सुटली की मागची सगळी रांग सुटते आणि मग ब्रह्मदेव आला तरी आवरत नाही, हा त्यांचा सिद्धान्त होता. निवृत्तीच्या दिवशी माइक तिथंच राहिला, आवाज मात्र घरी आला. शेजाऱ्यांना विचारा.

स्वप्नाली पुण्यात एका शाळेत पियानो शिकवते. तिचा फोन आला तेव्हा हिंमतराव ओट्यावर पेपर वाचत होते.

"अप्पा, डॉक्टरनी सांगं, ऑपरेशन करनं पडी," ती म्हणाली. "उजवा मनगटनी शीर दबेल शे. नंतर साधंसुधं वाजाडता येई, पोरेसले शिकाडता येई. पन ते मोठं वाजाडता येवाव नही."

ते मोठं म्हणजे काय, हे हिंमतरावांना ऐकून माहीत होतं. हंगेरी नावाच्या देशात दीडएकशे वर्षांपूर्वी एक लांब केसांचा माणूस होऊन गेला, त्यानं लिहिलेला सोनाटा. अर्धा तास न थांबता वाजवायचा. भल्याभल्यांची बोटं त्यात गळतात. स्वप्नाली सहा-सात वर्षं त्याच्या मागे लागली होती. पुण्यात तिनं तो लोकांपुढे वाजवला, बडोद्याला वाजवला, आणि दोन्ही वेळेला हिंमतरावांना काही ना काही काम निघालं होतं.

"एकडाव तुमनापुढे वाजाडनं शे," ती म्हणाली. "तुमी कधी आयकंच नही."

हे खरं होतं. मुलीनं आयुष्यात जे एकच अवघड काम केलं ते बापानं पाहिलं नाही, आणि आता पाहायची एकच संधी उरली, हे हिंमतरावांना त्या क्षणी लख्ख कळलं. तेवढं कळून ते थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती.

"मी मन्हा डिजिटल पियानो गाडीमा टाकी लयसू," स्वप्नाली म्हणाली. "टेबलवर मावस."

"लय, लय," हिंमतराव म्हणाले आणि डोळे पुसत पुसत कुंपणापाशी गेले. ही पहिली चूक. कुंपणापलीकडे झुलाल मास्तर राहतात.

झुलाल मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, आणि वसाहतीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सचिव. कुणाच्याही घरात काहीही चाललं असलं तरी त्यावर त्यांचं मत तयार असतं. हिंमतरावांनी सगळं सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोनाटा म्हंजे घड्याळ ना?"

"अहो, संगीत! पियानोवर वाजाडतस!"

"टेबलवर ठेवतस तो?" मास्तर म्हणाले. "म्हंजे कॅशिओ."

आता आपल्याकडे कॅशिओ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? वरातीतली बँडची गाडी, तिच्यावर चमचमणाऱ्या कपड्यांत उभा राहिलेला कुणी गोकुळ नाहीतर दिनेश, आणि मागे धुळीत नाचणारी नवरदेवाची दोस्तमंडळी. त्यात वाईट काही नाही. हिंमतराव स्वतः भाच्याच्या वरातीत त्या गाडीपुढे नाचले आहेत. पण सहा-सात वर्षं पोरीनं मनगट झिजवलं ते कॅशिओसाठी, असं उद्या वसाहतभर होणार हे त्यांना दिसायला लागलं, आणि त्यांचा स्वाभिमान असा काही दुखावला की त्यांनी तिथंच उभ्या उभ्या भाग्येशला फोन लावला.

भाग्येश सुरतेला साड्यांच्या धंद्यात आहे. "खरा पियानो पाहिजे," हिंमतराव म्हणाले. "लाकडाना. पाय असलेला."

भाग्येशनं दोन दिवसांत शोधून काढला. सुरतेकडे मोठ्या लग्नांत वरमाला घालताना मागे शोभेला पांढराशुभ्र पियानो ठेवतात, तसला एक भाड्यानं मिळत होता. वाजायचाही. "पन अप्पा, तो मोठा शे," भाग्येश म्हणाला. "डबल बेडना इतला."

"बेड घरमा गया ना? मग हाऊ बी जाई."

स्वप्नालीला कळलं तेव्हा ती "अप्पा, कसाले?" एवढंच म्हणाली. हिंमतरावांनी तिला, तू बोटांकडे लक्ष दे, बाकीचं माझ्यावर सोड, असं सांगितलं. सुंदरबाई, म्हणजे हिंमतरावांच्या पत्नी, मेथी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पोरनी तीन मानसं सांगेल व्हतात." तीन माणसं आणि पियानो यांचा काय संबंध, हे हिंमतरावांना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

पियानो आणायचा कसा, हा प्रश्न आला. सुरतेचे टेम्पोवाले नाजूक वस्तू म्हटल्यावर मागे सरत होते. शेवटी खापर गावच्या दिलवरसिंगची बँडगाडी गुजरातेतून एक लग्न वाजवून रिकामी परत येत होती, तिच्यावर तो चढवला. भाग्येशनं गोधड्या गुंडाळल्या, पाय काढून वेगळे बांधले, देवाचं नाव घेतलं. गाडी अक्कलकुव्यामार्गे दुपारच्या जेवणापर्यंत यायची होती. ती दिवेलागणीला आली.

मध्ये खापरचा बाजार होता. पांढरा, चकचकीत, कुणी कधी न पाहिलेला बाजा गाडीवर पाहून सगळा बाजार गाडीभोवती जमला. गोधड्या कुणी काढल्या ते दिलवरसिंगला सांगता येईना. लोक म्हणाले वाजव. पांढरा बाजा वाजवायचं धाडस त्याला झालं नाही, म्हणून त्यानं आपलाच कॅशिओ पांढऱ्या बाजावर ठेवून वाजवला. हिंमतरावांनी हे ऐकलं तेव्हा ते पायरीवरच बसले. ज्या नावापासून पियानोला वाचवायचं, तेच त्याच्या डोक्यावर बसून आलं होतं.

"दादा, हा विकत देणार का?" दिलवरसिंगनं मनापासून विचारलं. "दोन लग्नांच्या सुपाऱ्या मिळाल्या ना याच्यावर, बाजारातच."

मग दार. बेड घरात गेला होता तो तुकड्यातुकड्यांनी, सुतार घेऊन, हे हिंमतराव विसरले होते. पियानोचे पाय निघतात, पोट निघत नाही. गल्लीतले सगळे पुरुष सल्ला द्यायला जमले. एकानं दार काढा म्हटलं. दार काढलं. दुसऱ्यानं चौकट काढा म्हटलं. खिडकीचे गज कापा, असं म्हणणारा निघाला, आणि भिंत नाहीतरी ओल धरते तेव्हा पाडूनच टाका, असं म्हणणारे तर झुलाल मास्तरच होते. सुंदरबाई दाराच्या जागी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भितडाले कोनी हात तं लावी देखा." तेव्हा माणसं मागे हटली. पियानो रात्रभर निंबाखाली ताडपत्री पांघरून बाहेर झोपला. पाटलांचं घर दाराशिवाय.

सकाळी स्वप्नाली उतरली तेव्हा एक वासरू पियानोची पांढरी कड चाटत होतं. ती बघतच राहिली. मग जी हसायला लागली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हिंमतरावांनाही हसू आलं. बापलेक निंबाखाली उभे राहून हसले, आणि त्या सगळ्या आठवड्यात तेवढाच एक क्षण असा होता की ज्यात काही चुकलं नाही.

"अप्पा, मन्हा डिजिटल गाडीमा शे," ती म्हणाली. "हाऊ परत धाडी द्या. आजच संध्याकायले घरमा वाजाडस मी."

किती सोपं होतं पाहा. पण गल्लीत एवढा देखावा झाल्यावर पियानो न वाजताच परत पाठवायचा, आणि टेबलावर कॅशिओ मांडायचा? हिंमतराव मंडळाच्या हॉलकडे निघाले.

मंडळाचा हॉल मोठा आहे, दार दोन झडपांचं आहे. किल्ली सचिवांकडे, म्हणजे झुलाल मास्तरांकडे. मास्तर शेजारी म्हणून कितीही सैल असले तरी सचिवाच्या खुर्चीत बसले की ताठ होतात. हॉल चार कामांसाठी देता येतो, ते म्हणाले. लग्न, साखरपुडा, उत्तरकार्य आणि सत्कार. "पियानो यामा कशामा बठाडू?"

हा प्रश्न वाटतो तेवढा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दोघांनी तो अगदी गंभीरपणे सोडवायला घेतला. लग्नात बसवावा तर लोक आहेर घेऊन येणार आणि नवरदेव विचारणार. साखरपुड्याचंही तेच, वर मुलीचं नाव कायमचं कुणाशी तरी जोडलं जाणार. उत्तरकार्यात बसवायला कुणी गेलेलं नव्हतं. उरला सत्कार.

"कोना सत्कार?" हिंमतरावांनी विचारलं.

"तुमनी आंडेरना, स्वप्नालीना. आखो कोना?"

आणि सत्कार म्हटला की तो कुणाच्या तरी हस्ते असतो. कुणाच्या तरी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष गजमल नाना यांच्या. नानांच्या हस्ते म्हटलं की शाल आली, नारळ आला, फ्लेक्स आला, स्वागत, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार आणि अल्पोपाहार आला. हिंमतराव हॉल मागायला गेले होते ते संध्याकाळी कार्यक्रम घेऊन परतले. तोवर त्यांच्या चालीत जुना डौल आला होता. सूत्रसंचालन अर्थातच त्यांच्याकडे होतं.

फ्लेक्सवर नानांचा फोटो पुरुषभर उंचीचा आला. स्वप्नालीचा खाली कोपऱ्यात, पासपोर्टचा. मजकूर होता, 'वसाहतीची सुकन्या, सुप्रसिद्ध पियानोवादिका, यांचा भव्य सत्कार.' पियानो वाजवला जाणार आहे, असा उल्लेख राहून गेला.

स्वप्नालीनं फ्लेक्स पाहिला. "अप्पा, माले तीन मानसं पाहिजे व्हतात."

"तीन शेतच ना. बाकीना मांगे बठतीन."

ती उजवं मनगट डाव्या हातानं चोळत उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. पन एक आयका. यामा मजार मजार थांबनं पडस. शेवटले तं बठ्ठा मोठा आवाज व्हस आनि एकदम शांत. लोकेसले वाटस सरनं. सरेल नही ऱ्हास. मी जवलोंग खुर्चीवरथीन उठत नही, तवलोंग कोनीच उठानं नही आनि टाळी वाजाडानी नही. इतलंच करा."

इतलंच करायचं होतं. हिंमतरावांनी ते असं काही मनावर घेतलं की ते घरोघर गेले. मध्ये शांतता येईल, फसू नका, हे त्यांनी प्रत्येक ओट्यावर उभं राहून सांगितलं. अल्पोपाहाराच्या आचाऱ्याला सांगितलं. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना दोनदा सांगितलं. गजमल नानांना तर इतक्या वेळा सांगितलं की नाना भडकले. "टाळी कवय वाजाडानी ते माले समजत नही का? मी काय पहिलींदाव अध्यक्ष व्हयेल शे?"

कार्यक्रमाच्या दुपारी सुरतेहून पियानोवाल्यांचा माणूस चावी घेऊन सूर लावायला आला. खापरच्या बाजारातून आलेल्या पियानोचे सूर जागेवर नव्हते, हे वेगळं सांगायला नको. तो एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबी, चावी फिरवी, पुन्हा तीच दाबी. आवाज ऐकून लोकांना वाटलं सुरू झालं. पाच-पंचवीस जण येऊन बसले. बराच वेळ टंग, टंग, टंग ऐकल्यावर झुलाल मास्तरांनी सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला, "याले काहीच येत नही," आणि निम्मे लोक उठून गेले. त्यांतले काही परत आलेच नाहीत.

तरी संध्याकाळी हॉल भरला. हिंमतराव माइकवर उभे राहिले आणि त्यांना वाटलं की आपण निवृत्त झालोच नव्हतो. गजमल नाना बोलले ते यंदाच्या साखर उताऱ्यावर. बोलता बोलता त्यांनी पियानोकडे हात करून, अशा कलांमुळे परिसराचा विकास होतो, असं म्हटलं. मग बसताना हिंमतरावांच्या कानात म्हणाले, "शहादाले हळदले जानं शे. वाजाडनं सरताच शाल देवाडा. माले थांबता येवाव नही."

हा निरोप हिंमतरावांच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. नाना उठून गेले तर सत्कार कुणाच्या हस्ते? आणि नाना उठले की हॉल उठणार. अध्यक्ष हलले की पुरुषोत्तमनगरात कुणी खुर्चीवर राहत नाही. त्यांनी शाल, नारळ आणि पुष्पगुच्छाचं तबक मांडीवर घेतलं, माइक हाताशी ठेवला आणि पहिल्या रांगेत टोकाला तयारीनं बसले. शेजारी सुंदरबाई. भाग्येश मागे मोबाइल धरून उभा.

स्वप्नाली बसली. बराच वेळ नुसती बसली. मग तिनं खालच्या अंगाचे दोन अगदी हळू सूर वाजवले आणि थांबली. पुन्हा दोन वाजवले आणि थांबली.

"चेकिंग चालू शे," मागून कुणीतरी म्हणालं.

"आवाज येत नही!" झुलाल मास्तर ओरडले. माइकवाल्यानं आवाज वाढवला आणि कर्णा किंचाळला. हिंमतराव मागे वळून असे बघायला लागले की मास्तर मफलर सावरायला लागले. आणि तेवढ्यात पुढे काहीतरी फुटलं. हिंमतराव वळून बघेपर्यंत मुलीचे दोन्ही हात पट्ट्यांवरून असे धावत होते की कुठलं बोट कुठल्या हाताचं ते कळू नये. पांढरा पियानो पायांवर थरथरत होता. वरमालेच्या मागे शोभेला उभं राहण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला बिचाऱ्याला आपल्या पोटात एवढं आहे हे ठाऊकच नसावं.

हॉल गप्प झाला. कळलं कुणालाच नसेल, पण ही पोरगी काहीतरी अवघड करते आहे आणि ते जिवावरचं आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. आचारी झारा हातात घेऊन दारात उभा राहिला.

हिंमतराव मात्र रांग बघत होते. कोण चुळबुळतो आहे, कोणाचा हात टाळीला निघतो आहे, नाना जागे आहेत की नाहीत. मध्ये एकदा सगळं थांबलं. तीन-चार जणांनी टाळीला हात उचलले. हिंमतरावांनी बसल्या जागेवरून पंजा वर केला, ट्रॅक्टर अडवायचे तसा, आणि सगळा हॉल जागच्या जागी राहिला. एक टाळी पडली नाही. स्वप्नाली पुढे वाजवायला लागली. फसवी जागा ती हीच, आणि आपण ती निभावली, असं हिंमतरावांना वाटलं. त्यांची छाती भरून आली.

त्यानंतर थोडा वेळ ते खरोखर ऐकत होते. हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. एक हळू, गाण्यासारखं काहीतरी आलं होतं आणि स्वप्नालीचा चेहरा लहानपणी झोपेत असायचा तसा झाला होता. ही मला सोडून एवढ्या लांब कधी गेली, असं त्यांच्या मनात आलं. सुंदरबाईंनी पदर तोंडाला लावला होता. मग वेग वाढला, आणि हिंमतरावांना दिसलं की प्रत्येक वेळी उजवा हात आपटला की मुलीचे ओठ आवळले जातात. दुखत होतं तिला. ती तरी थांबली नाही. आवाज वाढत गेला, आणखी वाढला, नाना दचकून जागे झाले, खिडकीच्या काचा वाजल्या, आणि सगळं एकदम थांबलं.

शांतता.

नानांनी घड्याळ पाहिलं. नानांनी खुर्चीच्या हातांवर हात टेकले. नाना उठणार.

हिंमतरावांनी विचार केला नाही. गाडी सुटत होती, आणि गाडी सुटली की रांग सुटते. ते तबक घेऊन ताडकन उभे राहिले. सुंदरबाईंनी त्यांची बाही ओढली. सदरा वर चढला असेल म्हणून त्यांनी तो खाली ओढून घेतला. माइक तोंडाशी आला.

"अतिशय सुंदर! अतिशय सुंदर! मी आदरणीय नानांना विनंती करतो..."

टाळ्यांचा जो कडकडाट झाला तसा त्या हॉलनं कधी ऐकला नव्हता. इतका वेळ दाबून धरलेल्या सगळ्या टाळ्या एकदम सुटल्या. स्वप्नालीचे हात अजून पट्ट्यांवर होते. तिनं वडिलांकडे पाहिलं. मग हात उचलून मांडीवर ठेवले, आणि उठून उभी राहून सगळ्यांना नमस्कार केला.

नानांनी शाल पांघरली. नारळ दिला. फोटो निघाला. हिंमतरावांनी आभार मानले ते मनापासून, कुणाला न वगळता. नानांचे, सचिवांचे, दिलवरसिंगचे, आचाऱ्याचे. आणि शेवटी म्हणाले, "सर्वांत मोठे आभार तुम्हा श्रोत्यांचे. कारण मध्ये एकही माणूस उठला नाही."

अल्पोपाहाराला जिलबी होती. हिंमतराव घामानं भिजलेले, लोकांची पाठीवरची थाप घेत घेत सुंदरबाईंपाशी आले. "कसं व्हयनं?"

"सरेल नव्हतं," सुंदरबाई म्हणाल्या.

"काय?"

"तिनं वाजाडनं. सरेल नव्हतं. ती उठेल कोठे व्हती?"

हिंमतराव जिलबी हातात घेऊन उभे राहिले. पाक मनगटावरून बाहीत गेला तरी त्यांना कळलं नाही.

स्वप्नाली पियानोपाशी शाल घडी करत होती. "पोरी," ते म्हणाले, "सरेल नव्हतं का?"

"राहू द्या, अप्पा. शाल चांगली शे."

"बठ. आते वाजाड उरेल ते. मी बठ्ठासले भायेर काढस. दारले कडी लावस. तू, मी, तुन्ही माय आनि भाग्येश. बठ पोरी."

ती बसली. खरंच बसली. बापाच्या तोंडाकडे बघून तिला नाही म्हणवलं नसेल. डावा हात पट्ट्यांवर ठेवला. उजवा उचलला, आणि तो तिला उघडता येईना. बोटं मुठीतच थरथरत राहिली. तिनं तो हात दुसऱ्या हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "आते नही व्हवाव."

दिलवरसिंगनं तोवर पियानोचा एक पाय काढायला घेतला होता. पियानो सुरतेला परत नेता नेता त्याला खापरच्या पहिल्या लग्नाला पोचायचं होतं.

दुसऱ्या दिवशी भाग्येशच्या गाडीतून सगळे सुरतेला निघाले, ऑपरेशनसाठी. गाडी अक्कलकुव्याच्या पुढे गेल्यावर हिंमतरावांनी विचारलं, "पुढे काय व्हतं?"

स्वप्नाली खिडकीबाहेर बघत होती. "काही मोठं नही, अप्पा. दोन-तीन मिनिटनं. एकदम हळू." मग म्हणाली, "इतला वखत जे भांडन चालू ऱ्हास ना, ते मिटी जास. त्यानासाठेच बाकीनं बठ्ठं वाजाडनं पडस."

ऑपरेशन चांगलं झालं. हात बरा आहे. ती मुलांना शिकवते, साधंसुधं वाजवते, दर रविवारी फोन करून औषधं घेतली का विचारते. तिला राग नाही. ती एकदा जरी रागावली असती तरी हिंमतरावांना बरं वाटलं असतं. वसाहतीत अजून लोक म्हणतात की सत्कार व्हावा तर असा. फ्लेक्स मंडळाच्या भिंतीवर तसाच आहे, नानांचा फोटो ऊन लागून जरा फिकट झाला आहे.

भाग्येशनं मोबाइलवर तोच सोनाटा परदेशातल्या मोठमोठ्या लोकांनी वाजवलेला पाठवला. अगदी शेवटपर्यंत आहे, ऐका म्हणाला. हिंमतरावांनी तो उघडला नाही. "ते दुसरासनं शे," ते म्हणाले. त्यांना दुसऱ्याचा शेवट नको होता.

त्यांच्याकडे आहे तो भाग्येशनं त्या संध्याकाळी हॉलमध्ये मागे उभं राहून घेतलेला व्हिडिओ. दुपारी सुंदरबाई आडव्या झाल्या की ते ओट्यावर बसून मोबाइल कानाशी धरतात. आता त्यांना तो पाठ आहे. ते हळू सूर, ती थांबलेली जागा, ते गाण्यासारखं. रांग बघायची आता गरज नसते, म्हणून सगळं नीट ऐकू येतं. मग वेग वाढतो, काचा वाजतात, तो मोठा आवाज येतो, आणि शांतता होते. तिथं ते मोबाइल डोळ्यांपुढे धरतात. पडद्यावर तिचे हात पट्ट्यांवर आहेत, अजून उचललेले नाहीत. आणि पहिल्या रांगेच्या टोकाला एक टकलं डोकं तबकासकट वर यायला लागतं.

"बठ ना रे बापा," हिंमतराव त्याला हळूच म्हणतात. "खाले बठ."

पण तो माणूस ऐकणाऱ्यातला नाही.